टोपालोव विरुद्ध शिरोव, लिनारेस १९९८ : उंट एच३ ही चाल नेमकी का जिंकते?

चिकोडी_मास्तर
नमस्कार मंडळी. आमच्या शाळेत शनिवारी दुपारी मी मुलांना बुद्धिबळ शिकवतो. येत्या शनिवारी त्यांना एक डाव दाखवायचा आहे. त्याआधी तो इथे सगळ्यांनी मिळून नीट पिंजून काढावा, म्हणून हा धागा.

डाव प्रसिद्ध आहे. वेसेलिन टोपालोव पांढऱ्याकडून, अलेक्सी शिरोव काळ्याकडून, दोघेही ग्रँडमास्टर, स्पेनमधलं लिनारेस, १९९८. सुरुवात ग्रुनफेल्ड बचावाची होती, पण ती बाजूला ठेवू. मला शेवटचं पर्व हवंय. पट असा मांडा:

पांढरा : राजा जी१, उंट सी३, प्यादी जी२ आणि एच४.
काळा : राजा ई६, उंट एफ५, प्यादी ए४, डी५, एफ६, जी६.
४७वी चाल, खेळणार काळा.

शिरोव इथे ४७... उंट एच३ खेळला (आकड्यापुढची तीन टिंबं म्हणजे काळ्याची चाल, × म्हणजे मारणं). पुढचा डाव:
४८. जी×एच३ राजा एफ५ ४९. राजा एफ२ राजा ई४ ५०. उंट×एफ६ डी४ ५१. उंट ई७ राजा डी३ ५२. उंट सी५ राजा सी४ ५३. उंट ई७ राजा बी३. इथे टोपालोवने डाव सोडला.

शह नाही, समोरचं काही मारलं नाही. शिल्लक राहिलेला एकुलता एक उंट प्याद्याच्या तोंडात नेऊन ठेवला. पाठोपाठ एफ६चं प्यादंही जाऊ दिलं. आणि तरी जिंकला. मुलं पहिल्या मिनिटाला विचारणार, "सर, का?" तेव्हा "इंजिन (चाली शोधणारा संगणक) म्हणतंय म्हणून" हे उत्तर मला द्यायचं नाही. माझ्या मते सगळा डाव एका चालीच्या हिशेबावर उभा आहे. तो हिशेब दहा-बारा वर्षांच्या पोराला पटेल असा कसा मांडायचा?

विनंती एवढीच, आधी खरा पट काढा. मोबाईल नंतर.

टिळकवाडीकर
पट काढला. चाल बघून बाबा म्हणाले, "सोंगटी हातातून सटकली असणार." आता चहा घेऊन दोघं बसलोय.

निपाणीचं_प्यादं
सर, पहिला प्रश्न माझाच. उंट हलवून राजाला एफ५ मोकळं करायचं एवढंच असेल तर उंट जी४ला का नाही? ई४ला का नाही? एच३लाच का जायचं?

शहापूरकर
चाल देखणी आहे, मान्य. पण मंडळी, काळ्याकडे दोन प्यादी जास्त आहेत की. दोन प्यादी जास्त असताना ग्रँडमास्टर कसंही खेळला तरी जिंकणारच. उंट दिला नसता तर डाव दहा-पंधरा चाली लांबला असता, एवढंच. या चालीचं कौतुक जरा जास्तच होतं असं माझं मत आहे.

खानापूरची_अक्का
शहापूरकर, इथे तुमच्याशी सहमत नाही. पटावर दोघांचे उंट कुठल्या घरांत आहेत बघा की. काळ्याचा पांढऱ्या घरांत फिरतो, पांढऱ्याचा काळ्या घरांत. अशा उंटांच्या शेवटात दोन प्यादी जास्त असूनही बरोबरी होते, हे पुन्हा पुन्हा दिसतं. कारण बचाव करणारा आपला राजा आणि उंट एकाच रंगाच्या घरांत घट्ट रोवून बसवतो आणि समोरच्या उंटाला त्या घरांत काही करताच येत नाही. इथे पांढऱ्याचा राजा ई३ला पोचला की संपलं. तिथून डी४ त्याच्या ताब्यात येतं, आणि काळ्याचं डी प्यादं जागेवर खिळतं.

आता निपाणीच्या प्रश्नाकडे.

उंट ई४ घेऊ. पांढरा शांतपणे जी३ खेळतो. आता त्याची दोन्ही प्यादी, जी३ आणि एच४, काळ्या घरांत. काळ्याच्या उंटाचा हात तिथे पोचत नाही. शिवाय जे ई४ घर राजाला हवं होतं तेच उंटाने अडवलं. मग पांढरा राजा एफ२, ई३.

उंट जी४ घेऊ. पांढरा राजा एफ२, काळा राजा एफ५, पांढरा राजा ई३. पुन्हा दार बंद.

दोन्हीकडे एकच गोष्ट दिसते. काळ्या राजाला ई६वरून ई४ला जायला दोन चाली लागतात, एफ५ आणि ई४. पांढऱ्या राजाला जी१वरून ई३ला यायलाही दोनच, एफ२ आणि ई३. काळ्याने उंट हलवण्यात एक चाल घालवली की पुढची चाल पांढऱ्याची, म्हणजे शर्यतीत तो एक पाऊल पुढे. उंट एच३ने जी२वर हल्ला होतो, त्यामुळे पांढऱ्यालाही त्याचं उत्तर देण्यात एक चाल घालवावी लागते. उंट मारला तरी ती चाल गेलीच. शिरोवने उंट देऊन ही एक चाल विकत घेतली.

निपाणीचं_प्यादं
आता दिसलं. म्हणजे एच३च्या घरात विशेष काही नाही, जी२ला धाक बसतो हे विशेष.

येळ्ळूरचा_हत्ती
मग पांढऱ्याने उंट मारूच नये! ४८. राजा एफ२ खेळावं. जी२ राखलं, राजा पुढे आला, काळ्याचा उंट एच३ला तसाच. आता काय करणार शिरोव?

घटप्रभाकाठ
हत्तीदादा, हीच गंमत आहे. ४८. राजा एफ२ राजा एफ५. आता पांढऱ्याला ई३ला जायचंय, पण राजा तिकडे गेला की जी२ उघडं पडतं. उंट ते घेतो, मग एच४ही जातं. म्हणून त्याला ४९. राजा एफ३ खेळावं लागतं. तिथून तो ई४ही राखतो आणि जी२ही. मग ४९... उंट×जी२ शह! राजाने उंट मारला की तो जी२ला ओढला गेला आणि काळा राजा ई४ला बसला. पुढे एफ६ मारलं तरी डी४, आणि डावात जे झालं तेच. उंट एका चालीने उशिरा मेला, बाकी हिशेब तसाच राहिला.

येळ्ळूरचा_हत्ती
बघा की! दोन्हीकडून उंट मरतोय आणि दोन्हीकडून काळा जिंकतोय.

कॅम्पातली_आई
मी स्वतः खेळत नाही, पण मुलगी खेळते, म्हणून इथे येऊन वाचत असते. माझी शंका वेगळी आहे. तिच्या क्लासमध्ये सगळा भर सुरुवातीच्या चाली पाठ करण्यावर. सिसिलियनच्या दोन डझन ओळी तिला येतात. परवा एका स्पर्धेत राजा आणि प्याद्याचा सोपा शेवट समोर आला तर ती रडवेली झाली. तिने मला विचारलं, "आई, इथून पुढच्या चाली कुठे लिहिल्यात?" अशा मुलांना एकदम हा शिरोवचा डाव दाखवला तर घाबरतील का?

चिकोडी_मास्तर
ताई, घाबरणार नाहीत. पण थेट हा डाव मांडून चालणार नाही, हे तुमच्यामुळे लक्षात आलं. आधी प्याद्यांचा घुसवा, म्हणजे समोरची प्याद्यांची फळी फोडून पुढे घुसणं, दाखवायला हवा. पटावर फक्त हे मांडा: पांढरी प्यादी ए५, बी५, सी५. काळी प्यादी ए७, बी७, सी७. दोन्ही राजे लांब, एच फाइलवर, म्हणजे एच या उभ्या रांगेत. चाल पांढऱ्याची. एकही प्यादं मोकळं नाही, सगळ्यांना समोरच्याची प्यादी अडवतात, तरी पांढऱ्याचं एक प्यादं शेवटच्या घरात पोचून वजीर होतं. मुलीला बसवा आणि उत्तर सांगू नका. बाकीच्यांनीही इथे लगेच लिहू नका.

कॅम्पातली_आई
मांडून दिलंय. जेवण थांबलंय.

मिरज_पॅसेंजर
मास्तर, तुमच्या कोड्याने जुने दिवस आठवले. आमच्या लहानपणी इकडच्या पोरांना बुद्धिबळ म्हटलं की सांगली. नूतन बुद्धिबळ मंडळाच्या स्पर्धा, मंडळाचे संस्थापक भाऊसाहेब पडसलगीकरांचं नाव, आणि त्याच गावातून पुढे आलेल्या भाग्यश्री साठे-ठिपसे, स्वाती घाटे. बेळगावहून मिरजेची गाडी धरायची. घटप्रभा सुटलं की चुंबकाच्या सोंगट्यांचा छोटा पट निघायचा. रायबाग, कुडची, कृष्णेचा पूल... तोवर कुणीतरी हेच तीन प्याद्यांचं कोडं घातलेलं असायचं. डब्यातले मुंबईचे प्रवासी पण डोकं घालायचे. उगारचे एक काका तर उत्तर सापडेना म्हणून मिरजेपर्यंत आले. उतरायचं होतं त्यांना कुडचीला.

टिळकवाडीकर
काकांना उत्तर सापडलं का शेवटी?

मिरज_पॅसेंजर
सापडलं. मग परतीच्या गाडीत त्यांनी ते आम्हालाच समजावून सांगितलं.

बेळगाव_जुनापट
वयाने मी इथे बहुधा सगळ्यात मोठा. आम्ही देशी बुद्धिबळ खेळत वाढलो. शहापुरात गल्लीच्या कट्ट्यावर संध्याकाळी पट पडायचा. देशी नियमात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर जातं, आणि शेवटच्या घरात पोचलं की ज्या मोहऱ्याचं ते घर, तेच ते प्यादं होतं. सरसकट वजीर नाही. हा शिरोवचा डाव मी काल त्या नजरेने बघितला. ए प्यादं पोचलं तर हत्ती, डी प्यादं पोचलं तर वजीर. मग डी प्याद्याची किंमत किती वाढते बघा. आमच्या वेळी एखादा म्हातारा खेळाडू कुठलं प्यादं कुठल्या घरी न्यायचं हे डाव अर्धा व्हायच्या आत ठरवून बसलेला असायचा. शेवटाचा विचार आधी करायची सवय त्या नियमांनी आपोआप लागायची. आताच्या पोरांना ती मुद्दाम लावावी लागते, एवढाच फरक.

काळा_घोडा
शेवटावर बोलतोय आणि गुकेशचं नाव कसं नाही आलं अजून? सिंगापूर, १२ डिसेंबर २०२४, चौदावा डाव, गुण साडेसहा-साडेसहा. गुकेश काळ्याकडून. तेव्हाचा जगज्जेता डिंग लिरेनने ५५व्या चालीला हत्ती एफ२ खेळला आणि जगज्जेतेपद तिथेच ठरलं. अठराव्या वर्षी! मुलांना तो डाव दाखवा मास्तर. शिरोव कोण हे त्यांना सांगावं लागेल, गुकेश सांगावा लागणार नाही.

शहापूरकर
पण तो डाव समोरच्याच्या घोडचुकीने संपला. मास्तरांना घुसवा हवाय.

खानापूरची_अक्का
चूक झाली हे खरं. पण ती का चूक ठरली ते बघा. डिंगचा उंट ए८च्या कोपऱ्यात होता. हत्तींची मारामारी झाल्यावर गुकेशने उंट डी५ खेळला, आणि कोपऱ्यातल्या त्या उंटाला अदलाबदल टाळायला जागाच उरली नाही. राहिला राजा-प्याद्यांचा शेवट, तो काळ्याचा जिंकलेला. इथेही नेमकी एकच चाल, आणि तीही उंटाचीच. शिवाय बरोबरीकडे झुकलेल्या डावात एका जास्तीच्या प्याद्यावर तो तासन्‌तास चिकटून बसला म्हणून तर ती चूक व्हायची वेळ आली. हा गुण पोरांना सांगण्यासारखा आहे. तरीही मी पहिल्यांदा शिरोवच दाखवेन. तिथे टोपालोवने बचावात काहीच चुकवलं नाही. त्याने काहीही खेळलं तरी तो हरतोच. हे मुलांना बोटाने दाखवता येतं.

काळा_घोडा
ठीक. मग दोन शनिवार करा मास्तर, एक शिरोवचा, एक गुकेशचा. आणि शिरोवच्या शनिवारी हेही सांगा की ती १९९८ची लिनारेस स्पर्धा आपल्या विश्वनाथन आनंदने जिंकली होती. पोरांना बरं वाटेल.

अनगोळ_अभियंता
मी नियम मोडला. इंजिन लावलं. आजचं इंजिन उंट एच३ दाखवतं. पण जुन्या संगणकांना ही चाल सापडायला फार वेळ लागायचा, हे आम्ही कॉलेजात असताना स्वतः बघितलंय. उंट गेला की ते आकडा खाली पाडायचे आणि पुढे बघायचंच सोडून द्यायचे. माझा प्रश्न मास्तरांना: आज उत्तर दोन सेकंदांत मिळत असताना मुलांकडून हाताने पिंजून घेण्यात काय हशील?

चिकोडी_मास्तर
इंजिन चाल सांगतं. "ई४ला आधी कोण पोचणार?" हा प्रश्न सांगत नाही. तो प्रश्न ज्याला स्वतःला पडला, त्याला उद्या वेगळ्या पटावर वेगळी चाल सापडेल. ज्याने फक्त उंट एच३ पाठ केलं, त्याला पुन्हा हाच पट मिळायची वाट बघावी लागेल, आणि तो कधीच मिळणार नाही. इंजिन लावा, जरूर लावा. पण आपलं उत्तर वहीत लिहून झाल्यावर, तपासायला. गणिताच्या तासाला मी पाठीमागची उत्तरं अशीच बघू देतो.

निपाणीचं_प्यादं
सर, माझं दुसरं कोडं सुटलेलं नाही. एफ६ का देऊन टाकलं? ५०. उंट×एफ६ झाल्यावर तो उंट लांब कर्णावर आला की. तिथून तो ए१ राखेल, ए प्याद्याचा वजीर होऊच देणार नाही.

घटप्रभाकाठ
म्हणूनच लगेच ५०... डी४! प्यादं त्या कर्णाच्या मधोमध जाऊन बसलं. आता एफ६वरून ए१ दिसतच नाही. आणि डी४ मारावं तर ई४वरून राजा राखतोय. ए प्यादं थांबवायला उंटाला दुसरा कर्ण धरावा लागतो, एफ८ ते ए३. म्हणून ५१. उंट ई७. पण तिथे गेला की डी प्याद्याची वाट सुटते. एकाच राखणदाराला दोन टोकांची दोन शेतं दिली आहेत, आणि मदतीला येणाऱ्या मालकाला काळ्या राजाने बांधावरच अडवलंय. ए आणि डी, मध्ये दोन फाइल रिकाम्या. हीच प्यादी शेजारी शेजारी असती तर पांढरा उंट वाचला असता.

शहापूरकर
बरं, मग ५२... राजा सी४ कशाला? सरळ सी२कडे का नाही गेला?

खानापूरची_अक्का
उंट सी५ला येऊन डी४वर डोळा ठेवून बसला होता. राजा डी३ सोडून सी२ला गेला असता तर ते प्यादं फुकट गेलं असतं. राजा सी४ने डी४ही राखलं आणि उंटावर हल्लाही केला. उंटाला ए३चा कर्ण सोडता येत नाही, म्हणून तो परत ई७ला. काळ्याला पुन्हा एक चाल मिळाली आणि राजा बी३ला. उंटाने सी५वरून डी४ मारलं असतं तर राजाने उंट मारला असता आणि ए प्यादं पांढऱ्या राजाच्या आवाक्याबाहेर धावलं असतं.

कॅम्पातली_आई
मध्येच येते. मुलीने कोडं सोडवलं! तिच्याच शब्दांत लिहिते: "बी६! ए प्याद्याने घेतलं तर सी६, बी प्याद्याने ते घेतलं की ए६ आणि पळत सुटायचं. सी प्याद्याने घेतलं तर उलटं, ए६, मग सी६." शिवाय तिने विचारलंय, चाल काळ्याची असती तर?

चिकोडी_मास्तर
शाब्बास! चाल काळ्याची असेल तर तोच बी६ खेळतो आणि घुसवा होत नाही. तिला सांगा, तिने जो प्रश्न विचारला तो उत्तरापेक्षा मोठा आहे. कुणाची चाल आहे हे आधी बघणाऱ्या मुलीला शिरोवचा डाव अवघड जाणार नाही.

येळ्ळूरचा_हत्ती
एवढं झालं, पण टोपालोवने ५३... राजा बी३ला डाव सोडला ते मला अजून पटत नाही. वजीर कुठे झालाय? ५४. राजा ई२ खेळून बघू की. राजा डी प्याद्यासमोर आला, उंट ए३ राखतोय. दाखवा कुठे हरतो.

टिळकवाडीकर
हे मी आणि बाबांनी काल रात्री मांडलं होतं. ५४. राजा ई२ राजा सी२. आता धमकी डी३ शह, मग डी२. ५५. उंट बी४ म्हणजे उंट डी२ही बघतोय आणि ए३ही. मग ए३! उंटाने घेतलं की डी३ शह, राजा ई३, डी२. सी२चा राजा ते राखतोय, पुढच्या चालीला वजीर. बाबांनी पट उलटा करून पांढऱ्याकडूनही खेळून बघितलं. सुटका नाही.

येळ्ळूरचा_हत्ती
आणि राजा ई२ऐवजी ई१ला गेला तर?

खानापूरची_अक्का
हा प्रश्न भारी आहे हत्तीदादा. मास्तर, हा वहीत घ्या. ५४. राजा ई१ राजा सी२ ५५. उंट बी४. इथे सवयीने ए३ खेळलात तर उंट ते घेतो, मग डी३, पण राजा ई२ला नसल्यामुळे तो शह नाही. पांढऱ्याला मोकळी चाल मिळते, उंट बी४ला परत, आणि डी२ला प्यादं आलं की उंटच ते खातो. जिंकलेला डाव हातचा गेला. म्हणून आधी ५५... डी३! आता ५६. एच५ वगैरे केलं तरी साधं जी×एच५. मग उंट बी४वर थांबला तर ए३, उंटाने ए३ घेतलं की डी२ शह, आणि राजा ई२ला आला तरी डी१ला वजीर, तोही शह देत. उंटाने बी४ सोडलं तर दोन्हींपैकी एक प्यादं पळतंच.

टिळकवाडीकर
आत्ता मांडलं. खरंच की! राजा ई२ला असतानाही आधी डी३ खेळलं तर जमतंय. राजा ई३, मग ए३, उंट×ए३, डी२. म्हणजे दोन्हीकडे चालणारा क्रम एकच, आधी डी३.

चिकोडी_मास्तर
मग शनिवारचं असं ठरलं. आधी तीन प्याद्यांचा घुसवा, दोन्ही बाजूंची चाल घेऊन. नंतर ४७व्या चालीचा पट, आणि फळ्यावर एकच प्रश्न: ई४ला कोण आधी पोचतो? डाव सोडला तिथे मी थांबणार नाही. मुलांच्या दोन-दोनच्या जोड्या करून तिथूनच पुढे खेळायला लावतो. पांढऱ्याकडच्याला राजा ई१ खेळायला सांगतो, आणि काळ्याकडचा आधी डी३ खेळतो की ए३, ते बघतो.

कॅम्पातली_आई
सर, चिकोडीला शनिवारी किती वाजता? आम्ही दोघी बेळगावहून येतो.

चिकोडी_मास्तर
दोन वाजता या. येताना पट आणा, शाळेतले कमी पडतात.